साच्याचा शिलेदार

जबलपूर शहरात लेथवर काम करणारा कारागीर हवा असेल तर त्याच्यासाठी फारसे हिंडावे लागत नाही. वेल्डर, फिटर, ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करून देणारा सुतार, हेही चार ठिकाणी विचारपूस केली की सापडतात. परंतु प्लॅस्टिकच्या एखाद्या भागासाठी पोलादी साचा कसा असावा हे आखून देणारा माणूस हवा असेल, तर विचारावे कोणाला, येथपासूनच अडचणीस आरंभ होतो. हा माणूस बाजारपेठेत बसत नाही, त्याच्या दारावर पाटी नसते, आणि पुष्कळदा तो ज्या मोहल्ल्यात राहतो त्या मोहल्ल्यालाही त्याच्या व्यवसायाची गंधवार्ता नसते. शेजारी त्याला 'कॉम्प्युटरवर काहीतरी करणारा' म्हणून ओळखतात, एवढेच.

साचा आखणारा आणि साचा घडविणारा यांत पुष्कळ कारखानदारही भेद करीत नाहीत. म्हणून तो भेद आधी सांगितला पाहिजे. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने ज्या पोकळीत शिरते ती पोकळी, आणि तिच्या पोटात जाणारा गाभा, हे साच्याचे दोन मुख्य पोलादी भाग. ते कोणत्या रेषेवर एकमेकांना मिळावेत, रस कोणत्या तोंडाने आत यावा, आत कोंडलेली हवा कोठून निसटावी, थंड पाणी कोठून खेळवावे, आणि थिजलेली वस्तू साच्याला न चिकटता बाहेर कशी ढकलावी, हे सारे पोलादाला हत्यार लागण्यापूर्वीच कोणीतरी ठरवावे लागते. ठरविणारा तो आरेखक. उभ्या भिंतीला एक-दोन अंशांचा उतार दिला नाही तर वस्तू साच्यात अडकून बसते. जाडी सर्वत्र सारखी राखली नाही तर जाड जागी खळगा पडतो. भिंत दुप्पट जाड केली तर ती थंड व्हावयास सुमारे चौपट वेळ लागतो, आणि तेवढ्या प्रमाणात यंत्राचे भाडे अंगावर पडते. वस्तू हातात घेऊन पाहणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नाही.

जबलपूर जिल्हा हिरव्या मटारासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात पाटण व शहापुरा या बाजूंनी मटाराच्या राशी येऊ लागतात. रिछाई किंवा अधारताल येथील औद्योगिक वसाहतीत मटार सोलण्याचे यंत्र बनविणारा एक लहान कारखानदार आहे, अशी कल्पना करावी. यंत्रातील पितळी दातेरी चक्र महाग पडते आणि आवाजही फार करते. तेव्हा ते नायलॉनचे करावे असे त्याच्या मनात येते. तो पितळी चक्र खिशात घालून साचा घडविणाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, "हुबेहूब असेच पाहिजे." साचा घडविणारा प्रामाणिक असतो. तो मापे घेतो आणि हुबेहूब तसाच साचा करून देतो.

पहिला माल निघतो तो लहान. नायलॉन थंड होताना त्याच्या जातीनुसार शेकडा एक ते दीड इतके आकसते; म्हणजे ६० मिलिमीटर व्यासाच्या चक्रात पाऊण मिलिमीटराच्या आसपास फरक पडतो, आणि दात दाताला नीट भिडत नाही. मधला तुंबा पितळेत भरीव होता म्हणून नायलॉनमध्येही भरीवच राहिला. त्याच्या पोटात पोकळी धरते आणि वर खळगा उमटतो. यातूनही कसेबसे जमवून चक्र यंत्रात बसविले, तर ओल्या मटारांच्या संगतीत ते हळूहळू ओलावा शोषून फुगते आणि ऐन हंगामात अडकते. मग कारखानदार साचेवाल्याला दोष देतो, साचेवाला कच्च्या मालाला, आणि मोल्डिंग मशिनवाला दोघांनाही. तिघांचेही काही अंशी खरेच असते. साच्यात गेलेले दोन-चार लाख रुपये मात्र एकट्या कारखानदाराचे असतात, आणि कापलेले पोलाद काही केल्या परत जुळत नाही.

आरेखक आधी भेटला असता तर त्याने पितळी चक्राकडे पाहून मापे घेण्याच्या आधी प्रश्न विचारले असते. हे चक्र कोरडे चालणार की ओले? दिवसाला किती तास? त्यावर भार किती, आणि ज्या दुसऱ्या चक्राशी ते भिडते ते कशाचे आहे? वर्षाला नग किती लागतील: पाचशे की पन्नास हजार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण पाचशे नगांसाठी कडक पोलादाचा साचा करणे हा शुद्ध अपव्यय होय, आणि कदाचित साचा न करता नायलॉनच्या दांड्यातून चक्र कापून घेणेच परवडले असते. गिऱ्हाइकाला साचाच नको असे सांगणारा साच्याचा आरेखक विरळा. पण तो भेटला तर त्याला सोडू नये.

अशा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाला इंग्रजीत फ्रीलान्सर म्हणतात. मोलाने लढणारा मोकळा भालाईत, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीला त्यासाठी नवा शब्द पाडण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. ज्या जबलपुरावर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेथे तरी हा भेद समजावून सांगावा लागू नये. कारखान्याच्या टूलरूममध्ये पगारावर आखणारा तो बारगीर. स्वतःचा संगणक, स्वतःची आज्ञावली आणि स्वतःचा अनुभव घेऊन आज या कारखान्याचे तर उद्या त्या कारखान्याचे काम करणारा तो शिलेदार.

जबलपूरने आजवर बारगीर मोठ्या संख्येने पोसले. १८७० साली मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग येथे जोडले गेले. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. १९४२ साली खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. १९६९ साली वाहनांचा कारखाना उभा राहिला आणि त्यापाठोपाठ बिडाच्या ओतकामाची ग्रे आयर्न फाउंड्री. जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने तयार झालेला सैन्याचा 'शक्तिमान' ट्रक आणि डोंगरदऱ्यांतून फिरलेली 'जोंगा' ही जबलपूरचीच. एवढी यंत्रे ज्या शहरात घडली त्या शहरात जिग, फिक्स्चर, डाय, पॅटर्न व गेज यांची विद्या किती साठली असेल याची कल्पना सहज करता येते. या कारखान्यांत मराठी कुटुंबांतील माणसेही पिढ्यान्‌पिढ्या खपली. त्यांच्या घरांतून आजही 'मायक्रोमीटर' हा शब्द लाटणे-पोळपाटाइतक्याच सहजतेने उच्चारला जातो.

तथापि ही विद्या भिंतींच्या आत राहिली. सैन्याचे काम गुप्ततेचे, आणि ते तसेच असावयास हवे. आराखडा वरून शिक्का होऊन यावयाचा, खाली तो बरहुकूम घडावयाचा. बाहेरच्या कारखानदाराशी आतल्या माणसाचा संबंध येण्याचे प्रयोजनच नव्हते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध कारखाने ७ सरकारी कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा जबलपूरचे हे चार कारखाने चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाट्यास गेले. कारभाराची रचना बदलली. परंतु साठाव्या वर्षी निवृत्त होऊन रांझीतल्या घरी येणाऱ्या टूलरूमच्या माणसाच्या स्थितीत त्यामुळे काही पालट झाला असे म्हणता येत नाही. त्याच्या निवृत्तिवेतनाची व्यवस्था असते, त्याच्या विद्येची नसते. सकाळी वर्तमानपत्र वाचून झाल्यावर तो नातवाच्या सायकलची साखळी बसवून देतो. शहरापासून चार कोसांवर कोणी एक कारखानदार चुकलेला साचा पुढ्यात घेऊन बसला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

दुसरीकडे तरुणांचा वर्ग आहे. १९४७ साली सुरू झालेले जबलपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि २००५ साली स्थापन झालेली आरेखन व उत्पादन यांस वाहिलेली केंद्रीय संस्था, या दोहोंतून दरवर्षी शिकलेली मुले बाहेर पडतात. त्यांच्या हाती जे साधन आहे त्यानेच शिलेदारी शक्य केली. पूर्वी आखणीला मोठा फळा, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंगचा कागद लागे. हे सारे कारखान्याचे असे, म्हणून आखणाराही कारखान्याचाच असे. १९८२ साली ऑटोकॅड आले, १९८८ साली प्रो-इंजिनिअर आणि १९९५ साली सॉलिडवर्क्स. मग घरच्या मेजावर वस्तूचा घनाकार उभा करून तो सर्व बाजूंनी फिरवून पाहता येऊ लागला. आज गढ्यातील एका खोलीत आखलेला साचा पुण्याजवळच्या भोसरीत कापला जातो आणि वस्तू तिसऱ्याच गावी ओतली जाते.

साधन आले तरी पोलादाची ओळख त्याबरोबर येत नाही. पडद्यावर कोणताही कोपरा काटकोनात उभा राहतो; फिरत्या हत्याराने कापलेल्या खोबणीचा आतला कोपरा मात्र गोलच येतो, आणि तो टोकदारच हवा असेल तर स्पार्क इरोजनचा वेगळा खर्च करावा लागतो. ज्याने टूलरूममध्ये उभे राहून हे पाहिले नाही त्याच्या आराखड्यात असे खर्च जागोजागी लपलेले असतात. याच्या उलट, ओतशाळेतील जुना पॅटर्नवाला संगणकाला हात लावीत नसेल. परंतु त्याने आयुष्यभर वापरलेली मोजपट्टीच मुळी मोठी असते. बीड थंड होताना शेकडा सुमारे एक आकसते, म्हणून त्याच्या पट्टीवरचे माप तेवढे वाढवूनच खोदलेले असते. आकुंचन हा विषय त्याला कोणी शिकवावा लागत नाही. नायलॉनचा आकडा निराळा, इतकेच त्याला सांगितले की पुढचे तो स्वतः जाणतो.

तेव्हा कारखानदार ज्याला एक माणूस समजून शोधत असतो, तो जबलपुरात बहुधा दोन माणसांत वाटला गेलेला आहे: एकाजवळ संगणक आहे आणि दुसऱ्याजवळ पोलाद. या दोघांना एका मेजाशी बसविणे हे बाहेरगावचा तयार आरेखक आणण्यापेक्षा अवघड नाही, आणि स्वस्तही पडते. तरुणाने आखावे, काकांनी बोट ठेवून विचारावे, "ही पिन येथून वस्तूला ढकलणार, मग खालचा पाण्याचा मार्ग कोठे गेला?" असा एक प्रश्न हजारो रुपये वाचवितो. त्याचे मोल काकांना रोखीने दिले पाहिजे. वयाचा मान म्हणून चहावर भागवू नये. औंधच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतील ड्रॉइंगचे शिक्षक होते. रेखांकन आणि भट्टी ही दोन्ही एकाच माणसात आल्यामुळे लोखंडी नांगर उभा राहिला. एका माणसात ती येत नसतील तर दोघांत यावीत.

दोघांपैकी कोणीच ओळखीचे नसेल तर काय करावे? इंदूर व छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूलरूम, हैदराबादची टूल डिझाइनची केंद्रीय संस्था, प्लॅस्टिकचे शिक्षण देणारी 'सिपेट', येथून शिकलेली माणसे देशभर पसरली आहेत, आणि तेथील शिक्षकांना आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची खबर असते. ही चौकशी पहिली करावी. दुसरा मार्ग संगणकाच्या जाळ्यावरचा. तेथे यंत्ररचनेची आणि साच्यांची कामे करणाऱ्यांचे मेळे भरलेले असतात. एकाने अडचण मांडावी, दहांनी उत्तरे द्यावीत, असा तेथला रिवाज. पुष्कळ कारखानदार तेथे जातात, 'आरेखक पाहिजे' अशी हाळी देतात, आणि तासाभरात आलेल्या तीस-चाळीस निरोपांनी भांबावून परततात. एवढ्या त्वरेने जो धावून येतो त्याच्यापाशी बहुधा काम नसते; ते का नसते याचा विचार करावा.

तेथे हाळी न देता पंधरा दिवस नुसते ऐकत बसणे श्रेयस्कर. कोणी एक विचारतो की डब्याच्या आतल्या बाजूस पट्टी दिली आहे, तिच्या नेमका मागे बाहेरून खळगा पडतो, काय करावे? एक जण लगेच उत्तर देतो, "दाब वाढवा." दुसरा उलट विचारतो की पट्टीची जाडी भिंतीच्या मानाने किती, रस आत येण्याचे तोंड तिच्यापासून किती लांब, आणि दाब किती वेळ धरून ठेवता? हा दुसरा माणूस टिपून ठेवावा. पट्टी भिंतीच्या निम्म्याहून फार जाड नसावी हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो माहिती घेतल्याखेरीज बोलत नाही. तो जबलपूरचा असो की कोइमतूरचा, त्याला खासगी पत्र लिहावे.

पत्रात आपली गरज स्पष्ट मांडली पाहिजे. वस्तू कशासाठी, नग किती, कोणता कच्चा माल, कोणत्या क्षमतेचे यंत्र उपलब्ध, कोणती मापे जीव की प्राण आणि कोणती सैल चालतील. एवढे लिहिले तरी चांगला आरेखक उत्तर देतो. यातले काहीच न लिहिता 'साच्याचे डिझाइन करण्याचे किती घ्याल?' असे विचारणाऱ्याला उत्तर न देणाराच शहाणा. त्याच्या जुन्या कामाची रंगीत चित्रे पाहून भुलू नये. चित्रे उसनी आणता येतात. पहिल्या चाचणीत काय बिघडले आणि ते कसे सुधारले, अशी एका जुन्या साच्याची हकीकत सांगावयास लावावी. काहीच बिघडले नव्हते असे जो म्हणतो त्याने एक तर साचा केलेला नाही, किंवा तो खरे सांगत नाही. आणखी एक प्रश्न हमखास विचारावा: मापाची शंका असेल तेथे काय करता? जाणता माणूस सांगतो की तेथे पोलाद राखून ठेवतो. कारण चाचणीनंतर पोलाद काढणे सोपे, पण कमी पडले तर वेल्डिंग करून भरावे लागते किंवा तो तुकडाच नवा करावा लागतो.

हे सारे उघड मेळ्यात करीत असता एक धोका संभवतो, आणि त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. वस्तूचे रूप नवीन असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली ते नोंदवून १० वर्षे, आणि मुदत वाढवून आणखी ५ वर्षे, संरक्षण मिळविता येते. परंतु अर्ज करण्यापूर्वी ते रूप जगात कोठेही लोकांपुढे प्रसिद्ध झाले असेल तर नोंदणीचा हक्क जातो. सल्ला मिळावा म्हणून आपल्या वस्तूचे चित्र सर्वांसमोर टांगणारा कारखानदार स्वतःच्या हाताने तो हक्क घालवीत असतो. विश्वासाने एकट्याला दाखविणे निराळे. आधी गुप्ततेचा लेखी करार करावा आणि मगच चित्र पाठवावे.

करारात आणखी एक कलम अवश्य असावे. पैसे दिले म्हणजे आराखडा आपला झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नोंदलेल्या डिझाइनच्या बाबतीत मोबदला देऊन काम करवून घेणारा मालक ठरतो, हे खरे. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकर नसलेल्या माणसाने काढलेल्या रेखाचित्राचा पहिला धनी तो काढणाराच असतो, आणि तो हक्क दुसऱ्याकडे जाण्यास लेखी दस्तऐवज लागतो. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा त्याचा स्वतःचा, हा न्याय येथेही लागू आहे. मूळ संगणकी फायली, कोणत्याही आज्ञावलीत उघडणारी 'स्टेप' फाइल आणि मापे व सूट लिहिलेली कागदी चित्रे, ही तिन्ही हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. मात्र ती आल्यावर हप्ता अडवू नये. आरेखकाने सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केली असेल तर २००६ च्या कायद्याने त्याचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. ज्याचे बिल सहा महिने लोंबकळते तो पुढच्या वेळी फोन उचलीत नाही. जबलपुरातली काही चांगली माणसे याच कारणाने पुणे-मुंबईची कामे घेतात आणि गावातली घेत नाहीत.

पहिले काम लहान द्यावे. मटार यंत्राच्या चक्राआधी त्याच यंत्राची एखादी टोपी किंवा मूठ आखून घ्यावी. त्यात माणूस कळतो आणि जोखीमही बेताची राहते. साचा कापला जाऊन पहिल्या चाचणीचा दिवस उगवतो, तेव्हा आरेखकाला यंत्रापाशी बोलवावे, आणि येण्याजाण्याचा खर्च देऊन बोलवावे. पहिले दहा-वीस नग कोणीही डोळ्यांना लावीत नाही. साचा तापून स्थिर व्हावा लागतो. त्यानंतरचे नग क्रमाने आकडे घालून वेगळे ठेवतात, आणि प्रत्येकाशेजारी रसाचे तापमान, दाब व थंड होण्याचा वेळ यांची नोंद होते. कारखानदार अधीर होऊन गरम चक्रालाच कॅलिपर लावू लागतो. नायलॉन साच्यातून बाहेर आल्यावरही काही काळ आकसत असते, आणि हवेतला ओलावा शोषून पुन्हा थोडे वाढते. म्हणून चक्रे एका दिवसापुरती तशीच पडू द्यावयाची, आणि मटाराच्या ओलीत चालणार असतील तर त्यांतली चार पाण्यात टाकून ठेवावयाची. दुसऱ्या दिवशी कोरडी आणि ओली अशी दोन्ही मापे घेतात, राखून ठेवलेल्या पोलादापैकी कोठे किती काढावयाचे ते आरेखक कागदावर लिहून देतो, आणि साचा पुन्हा टूलरूमकडे जातो.